विल्यम फोर्ड: कॉर्कहून आलेला एक शेतकरी आणि त्याचं घर

कोरडवाहू

हेन्री फोर्ड सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या वडलांबद्दल मात्र बहुतेक ठिकाणी दोनच ओळी सापडतात. शेतकरी होते, आणि पोरानं यंत्रांचा नाद सोडून शेती करावी असं त्यांना वाटायचं. इतकं सांगून लेखक गाडीकडे वळतात. गेला उन्हाळाभर मी या माणसाबद्दल मिळेल ते वाचत होतो. माझा स्वतःचा बाप कोरडवाहू शेती करून गेला, म्हणून असेल, पण त्या दोन ओळी मला फार टोचल्या. म्हणून हा धागा.

विल्यम फोर्डचा जन्म १८२६ सालचा. आयर्लंडच्या दक्षिणेला कॉर्क परगणा आहे, त्यातलं क्लोनाकिल्टी हे बाजाराचं गाव. तिथून जवळच बॅलिनस्कार्थी. तिथे फोर्ड मंडळी कुळं म्हणून जमीन कसत. घाम यांचा, जमीन जमीनदाराची. खंड थकला तर घर सोडावं लागणार, आणि जमिनीत सुधारणा केली तर खंड वाढण्याची भीती. आपल्याकडे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी कूळ म्हणून दिवस काढले त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

विल्यमचे दोन काका, सॅम्युअल आणि जॉर्ज, १८३२ मध्येच अमेरिकेत गेले होते. १८२५ ला इरी कालवा सुरू झाला आणि न्यूयॉर्ककडून मिशिगनच्या जंगलापर्यंत पाण्यानं जाणं सोपं झालं. सरकारी जमीन एकरी सव्वा डॉलरनं मिळत होती. काकांनी डिअरबॉर्नला झाडं तोडून शेतं काढली. पुढे १८४७ उजाडलं, आयरिश लोक ज्याला आजही 'काळं सत्तेचाळीस' म्हणतात ते दुष्काळाचं साल. त्या वर्षी विल्यमचे वडील जॉन, आई थॉमसिना, म्हातारी आजी रिबेका आणि सात भावंडं असा सगळा गोतावळा बोटीत चढला. विल्यम वीस वर्षांचा होता.

आई पोचली नाही. वाटेतच गेली.

त्या वर्षी क्वेबेकच्या वाटेवरल्या ग्रोस-ईल या बेटावर, जिथे बोटी तपासणीसाठी थांबवत, तापाच्या साथीनं मेलेल्या पाच हजारांहून जास्त लोकांना पुरलं. आकडा वाचून आपण पुढे जातो. मी मात्र त्या वीस वर्षांच्या पोराशीच अडकून राहिलो. घर सुटलेलं, आई गेलेली, मागे धाकटी भावंडं, आणि पुढे न पाहिलेला मुलूख.

विल्यमला सुतारकाम येत होतं. मिशिगनमध्ये वडलांनी जमीन घेतली, ती फेडायला रोख पैसा हवा, म्हणून तो रेल्वेच्या कामावर सुतार म्हणून राबला, दुसऱ्यांच्या शेतांवरही गेला. असंच एक शेत पॅट्रिक आहर्नचं. आहर्न कॉर्क शहरातल्या फेअर लेन भागातला, म्हणजे विल्यमचा गाववालाच म्हणायचा. मूलबाळ नव्हतं. मेरी लिटोगॉट नावाची एक अनाथ मुलगी या नवरा-बायकोनं आपली म्हणून वाढवली होती. एप्रिल १८६१ मध्ये विल्यम आणि मेरीचं लग्न झालं. तो चौतिशीचा, ती त्याच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. नवीन घर बांधलं आणि त्यात आहर्न म्हातारा-म्हातारीसकट सगळे एकत्र राहिले. पुढे म्हाताऱ्यांनी आपली जमीन या दोघांच्या नावे केली. अट एकच, मरेपर्यंत आम्हाला सांभाळायचं. विल्यमनं ती पाळली.

पहिलं मूल दगावलं. ३० जुलै १८६३ ला हेन्री झाला. मग जॉन, मार्गारेट, जेन, विल्यम, रॉबर्ट. गहू, मका, गवत, मेंढ्या, गाई, सफरचंदाची बाग. लाकूड आणि गवत गाडीत भरून डेट्रॉइटच्या बाजारात न्यायचं. विल्यम पुढे शाळेच्या समितीवर होता, गावचा न्यायाधीश झाला, चर्चच्या कारभारात होता. आयर्लंडमध्ये ज्याच्या नावावर ढेकूळभर माती नव्हती, तो इथे मानाचा शेतकरी झाला.

आता माझा मुद्दा. हा माणूस मुलाला 'शेती कर' म्हणाला, यात जुनाट डोकं किंवा हेकटपणा मला दिसत नाही. ज्यानं जमीन नसल्याची किंमत आईच्या रूपानं मोजली, तो मुलाला दुसरं काय देणार?

रानवाटा

छान लिहिलंय. वाचते आहे. एक शंका. आयरिश म्हटलं की कॅथलिक असंच डोक्यात येतं. हे चर्चच्या कारभारात कोणत्या?

कोरडवाहू

@रानवाटा, फोर्ड प्रोटेस्टंट होते. डिअरबॉर्नच्या एपिस्कोपल चर्चमध्ये जात. आयर्लंडमध्ये प्रोटेस्टंट कूळही कूळच असायचं. जमीनदाराचा आणि आपला धर्म एक म्हणून खंड माफ होत नव्हता.

जुनी_वही

१८४७ बद्दल थोडी भर घालतो, कारण 'बटाट्याचं पीक गेलं' एवढ्यावर लोक थांबतात.

बटाट्यावर जो रोग आला त्याला आपले कृषी सहायक 'उशिरा येणारा करपा' म्हणतात. पाऊस-धुक्याची हवा लागली की आठवडाभरात हिरवं रान काळं पडतं आणि जमिनीखालचा बटाटा सडतो. आयर्लंडमध्ये तो १८४५ च्या शरद ऋतूत दिसला. पहिल्या वर्षी निम्मंअर्धं पीक हाती लागलं, दुसऱ्या वर्षी जवळजवळ काहीच नाही. गरीब माणसं लंपर नावाच्या एकाच जातीच्या बटाट्यावर जगत होती, कारण जमिनीच्या लहानशा तुकड्यात कुटुंबाचं पोट भरणारं दुसरं काही नव्हतं. एकच वाण असल्यानं रोगाला अडथळाच उरला नाही.

धान्य मात्र पिकत होतं. ओट, लोणी, जनावरं हे सगळं बंदरातून इंग्लंडला जात राहिलं, कारण खंड त्यातूनच भरायचा. १८४७ मध्ये मदतीच्या कायद्यात एक कलम आलं. ज्याच्याकडे पाव एकराहून जास्त जमीन आहे त्याला मदत मिळणार नाही. म्हणजे पोराच्या पोटात घास घालायचा तर जमीन सोडा. किती कुळं त्या एका कलमानं उठली असतील.

१८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या ८२ लाखांच्या आसपास होती, १८५१ ला ६५ लाख. साधारण दहा लाख मेले, दहा लाखांहून जास्त देश सोडून गेले. क्लोनाकिल्टीच्या पश्चिमेला स्किबरीन आहे, तिथल्या सामुदायिक दफनभूमीत आठ ते दहा हजार माणसं पुरलेली आहेत. फोर्ड निघाले तो हा मुलूख.

आपल्याशी संबंध लागतो तो दोन बाजूंनी. मदतीची सगळी सूत्रं लंडनच्या खजिन्यातून हलवणारे चार्ल्स ट्रेव्हेल्यन नंतर मद्रासचे गव्हर्नर झाले आणि पुढे हिंदुस्थान सरकारचे अर्थमंत्री. दुसरी बाजू चांगली आहे. आयरिश दुष्काळासाठी अगदी सुरुवातीला ज्या ठिकाणी निधी उभा राहिला त्यांत कलकत्ता होतं, आणि मुंबईतूनही पैसे गेले.

पाणकळा

@जुनी_वही, ते पाव एकराचं कलम वाचून अंगावर काटा आला.

आमचे पणजोबा कूळ होते. कूळकायदा आला १९४८ ला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्यानंतर आमच्या घराचं नाव सातबाऱ्यावर चढलं. आजोबा तो उतारा पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवायचे. दर दिवाळीला काढून बघायचे. वाचता येत नव्हतं त्यांना, नुसतं बोट फिरवायचे. त्यांच्या पोटच्या पोरानं, म्हणजे माझ्या काकांनी, पुण्याला कंपनीत नोकरी धरली तेव्हा आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. आम्हाला ते तेव्हा कळलं नव्हतं.

आयर्लंडच्या कुळांना जमीन विकत घेण्यासाठी मोठा कायदा १९०३ चा ना?

जुनी_वही

@पाणकळा, हो. सुरुवात त्याआधी झाली होती. १८७९ पासून कुळांची चळवळ पेटली, 'बॉयकॉट' हा शब्द त्यातूनच आला. मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाचा कारभारी होता, १८८० मध्ये त्याच्या शेतावर कामाला जायला लोकांनी नकार दिला. १८८१ ला खंडावर मर्यादा आली आणि १९०३ च्या विंडम कायद्यानं सरकारी कर्ज घेऊन जमीन विकत घेणं कुळांच्या आवाक्यात आलं. म्हणजे विल्यम बॅलिनस्कार्थीला राहिला असता आणि जगला असता, तर मालक व्हायला पंचाहत्तरी ओलांडावी लागली असती.

डेट्रॉइटकर

इथे अकरा वर्षं आहे, डिअरबॉर्नपासून वीस मिनिटांवर. भारतातून आई-बाबा आले की सगळेच त्यांना ग्रीनफील्ड व्हिलेज या खुल्या संग्रहालयाला नेतात. एडिसनची प्रयोगशाळा, राइट बंधूंचं सायकलचं दुकान, यातलं काही मूळ जागेवरून उचलून आणलेलं, काही तिथे नव्यानं उभं केलेलं आहे. फोर्डचं जन्मघरही तिथेच आहे. पांढरं, साधं लाकडी घर. विल्यम फोर्डचं धान्य-चाऱ्याचं कोठारही आणून ठेवलंय. मी चार-पाच वेळा गेलो असेन, पण त्या घरापाशी दरवेळी दोन मिनिटं थांबून पुढे. ते घर बांधणारा माणूस आपल्यासारखाच परमुलखातून आलेला, हे कधी मनातच आलं नाही.

घराबद्दल एक गोष्ट माहीत आहे ती सांगतो. १९१९ मध्ये रस्त्यासाठी ते घर हलवावं लागलं तेव्हा हेन्रीनं ते आई असताना जसं होतं तसं पुन्हा उभं केलं. आईच्या वेळची शेगडी होती अगदी तीच हवी म्हणून शोध घेतला. अंगणात खणून फुटक्या बशांचे तुकडे काढले आणि त्या नक्षीच्या बशा पुन्हा घडवून घेतल्या.

लेक_मराठवाड्याची

आईसाठी हे सगळं केलं. आणि वडलांसाठी?

कोरडवाहू

@लेक_मराठवाड्याची, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत.

मेरी मार्च १८७६ मध्ये बाळंतपणात गेली. मूलही गेलं. हेन्री बारा वर्षांचा. आई गेल्यावर घर म्हणजे कमान नसलेलं घड्याळ झालं, असं तो पुढे म्हणे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या पोराला दुसरी उपमा कुठून सुचणार. त्याच उन्हाळ्यात वडलांबरोबर गाडीतून डेट्रॉइटकडे जाताना त्याला रस्त्यानं आपलं आपण चालणारं वाफेचं इंजिन दिसलं. गाडी थांबायच्या आत हा खाली उतरून इंजिनवाल्याशी बोलायला लागला. ही कथा सगळीकडे येते. ती गाडी हाकत कोण होतं, हे कुणी सांगत नाही. बायको जाऊन चार महिने झालेला, सहा पोरांचा बाप हाकत होता.

विल्यमनं दुसरं लग्न केलं नाही. त्या काळात, एवढी शेती आणि एवढी पोरं असताना, ही साधी गोष्ट नव्हती.

गोदाकाठ

पण हेन्रीनं स्वतःच लिहून ठेवलंय ना, की वडलांना त्याचं यंत्रांत रमणं आवडत नव्हतं? रात्री चोरून घड्याळं दुरुस्त करायचा. आणि ते ८० एकरांचं प्रकरणही आहेच. यंत्रकाम सोडलंस तर जमीन देतो असं बापानं सांगितलं होतं. तुम्ही बापाची बाजू जरा जास्तच ओढताय असं वाटतं.

कोरडवाहू

@गोदाकाठ, ८० एकरांचं खरं आहे, मान्य करतो. अट होती. हेन्रीनं जमीन घेतली, १८८८ मध्ये क्लाराशी लग्न केलं, त्या जमिनीवरली झाडं वाफेच्या इंजिनावर कापून विकली, स्वतःसाठी घर बांधलं आणि लाकूड संपत आल्यावर १८९१ ला डेट्रॉइटला वीज कंपनीत गेला. बापाचं मन मोडलं असणार.

पण चोरून घड्याळं दुरुस्त करण्याच्या कथेला घरातूनच उत्तर आहे. हेन्रीची बहीण मार्गारेट. तिच्या आठवणी १९५३ मध्ये छापल्या गेल्या, तोवर हेन्रीला जाऊन सहा वर्षं झाली होती. ती सांगते की वडलांनी कधी अडवलं नाही. घरात हत्यारं वडलांचीच होती आणि ती वापरायला मोकळीक होती. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाला अमेरिकेच्या शंभरीचं प्रदर्शन भरलं होतं, ते बघायला विल्यम स्वतः गेला आणि तिथल्या यंत्रांची वर्णनं घरी येऊन केली. सोळाव्या वर्षी हेन्री डेट्रॉइटला गेला तेव्हा पळून गेल्याची कथा झाली, पण तो उतरला कुठे, तर सख्ख्या आत्याकडे. ज्या फ्लॉवर बंधूंच्या कारखान्यात शिकला, ते घरच्या ओळखीचे. पळून गेलेला पोरगा असा राहतो का?

लेक_मराठवाड्याची

मार्गारेटबद्दल अजून सांगाल का? आई गेली तेव्हा ती किती वर्षांची होती?

कोरडवाहू

१८६७ चा जन्म, म्हणजे आठ-नऊ. थोडी मोठी झाल्यावर घर तिनंच चालवलं.

लेक_मराठवाड्याची

मग तिची साक्ष मला जास्त खरी वाटते. मी पण थोरली लेक, आई लवकर गेलेली. भाऊ औरंगाबादला शिकायला गेला. आजही तो चारचौघांत सांगतो की अण्णांनी मला शिकू दिलं नसतं, मी भांडून गेलो. भांडण झालं हे खरं आहे. पण तो गेल्यावर अण्णांनी बैलजोडीतला एक बैल विकला आणि फी भरली, हे त्यानं पाहिलंच नाही. त्या वर्षी पेरणीला शेजाऱ्याचा बैल मागून सावड केली. तो बैल दावणीतून नेला तेव्हा भाकरी थापत मी चुलीपाशी होते. जाणाऱ्याला घराबाहेरचं आठवतं. मागे राहिलेलीला आतलं माहीत असतं.

आता भावाला दोष देत नाही. त्यालाही सांगितलं तेव्हा तो रडला.

पाणकळा

@लेक_मराठवाड्याची 🙏

गोदाकाठ

माझा प्रतिसाद घाईचा होता. मार्गारेटच्या आठवणींबद्दल माहीत नव्हतं.

थोडं अवांतर: माझे बाबा नाशिकला महिंद्राच्या कारखान्यात होते. १९९६ मध्ये महिंद्रा-फोर्डची एस्कॉर्ट तिथेच तयार व्हायला लागली. पहिल्या गाड्या बाहेर पडल्या त्या दिवशी बाबा पेढे घेऊन आले होते. आमचे आजोबा निफाडला द्राक्षं करायचे. त्यांनी पेढा घेतला आणि विचारलं, 'ही गाडी काढणाऱ्याचा बाप काय करायचा?' बाबांना सांगता आलं नव्हतं. मी आता आजोबांच्या फोटोला सांगेन.

रानवाटा

विल्यमनं मुलाची गाडी पाहिली का?

कोरडवाहू

पाहिली. पहिली चारचाकी जून १८९६ मध्ये शेडमधून बाहेर पडली. हेन्री ती घेऊन शेतावर आला तेव्हा विल्यम लगेच बसला नाही. क्षणभराच्या मजेसाठी जीव कशाला धोक्यात घालायचा, असं त्याचं म्हणणं होतं, असं मार्गारेट सांगते. पण पोराचा अभिमान होता, हेही तीच सांगते. १९०३ मध्ये कंपनी निघाली ती विल्यमच्या हयातीत. मार्च १९०५ मध्ये तो गेला. जगभर गेलेली मॉडेल टी १९०८ ची, ती त्यानं पाहिली नाही. ट्रॅक्टर तर नाहीच.

डेट्रॉइटकर

मला ट्रॅक्टरचीच हळहळ वाटते. हेन्री म्हणायचा की शेतातली हाडं मोडणारी मेहनत पाहूनच यंत्राचं डोक्यात आलं. १९१२ मध्ये तो बायको-मुलासह कॉर्कला गेला, वडलांचा मुलूख पाहिला. १९१७ मध्ये कॉर्कला कंपनी काढली आणि जुलै १९१९ मध्ये तिथून फोर्डसन ट्रॅक्टर बाहेर पडायला लागले. त्या कारखान्यावर कॉर्क शहरातल्या कितीतरी पिढ्या जगल्या, १९८४ ला तो बंद झाला. आणि डिअरबॉर्नच्या आपल्या वाड्याला त्यानं नाव दिलं फेअर लेन. म्हणजे आजोबा आहर्नचं गल्लीचं नाव.

पण पुन्हा बघा, नाव आलं ते आईच्या वडलांच्या बाजूनं.

जुनी_वही

हेन्रीनं १९२० पासून आपल्या वर्तमानपत्रातून ज्यूंविरुद्ध जे छापलं तेही याच घराच्या गोष्टीचा भाग आहे, विसरू नये. हाकलले गेलेल्यांचा नातू, आणि त्यानं दुसऱ्या समाजाबद्दल एवढा विखार पसरवावा. मला याचा फार त्रास होतो.

कोरडवाहू

@जुनी_वही, मलाही. मुलाच्या त्या कर्माचं ओझं विल्यमवर टाकता येत नाही, तसंच मुलाच्या गाडीचं श्रेयही. म्हणून तर त्याचा धागा वेगळा काढला.

@डेट्रॉइटकर, वडलांच्या वाट्याला काय आलं याचं एक उत्तर मात्र आहे, ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. हेन्रीच्या टाचणवहीत त्याची सगळ्यात पहिली आठवण लिहिलेली आहे. तीन वर्षांचा असेल. वडील त्याला आणि धाकट्या जॉनला घराच्या पूर्वेला घेऊन गेले. तिथे एका मोठ्या ओकच्या झाडाखाली पक्ष्याचं घरटं होतं, ते दाखवायला. घरट्यात चार अंडी होती. जॉनला चालता येत नव्हतं म्हणून वडलांनी त्याला उचलून घेतलं होतं.

इंजिन, घड्याळ, आई, या सगळ्याच्या आधीची आठवण ही आहे.

लेक_मराठवाड्याची

काल रात्री अण्णांना फोनवर हे घरट्याचं वाचून दाखवलं. ऐंशी झालेत, ऐकायला कमी येतं, दोनदा वाचलं. मग म्हणाले, "आपल्या खालच्या तुकड्यात टिटवी अंडी घालायची, आठवतं का? तेवढी जागा सोडून औत वळवायचो मी. तू आणि बापू बांधावरून बघायचात."

मला आठवत नव्हतं. बापूला मेसेज केला. तो म्हणाला, आठवतंय.

डेट्रॉइटकर

शनिवारी मुलीला घेऊन ग्रीनफील्ड व्हिलेजला चाललोय. कोठारापाशी थांबणार आहोत.